दादाचा बिनक्लचचा ट्रॅक्टर

माझा थोरला भाऊ झाडांचा शास्त्रज्ञ होता आणि मी रेल्वेत डिझेल इंजिनांवर काम करणारा इंजिनिअर. मिरजेच्या एकाच घरातून निघालेले आम्ही दोघे नोकरीपायी पुढेमागे लखनौला येऊन पडलो. तो विकास नगरमध्ये राहायचा, मी आलमबागला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये एकटा. रविवारी मी त्याच्याकडे जेवायला जायचो आणि जेवताना आमचं भांडण व्हायचं. विषय कुठलाही चालायचा. वहिनी म्हणायच्या, या दोघांना भांडायला वरणातलं मीठसुद्धा पुरतं.

दोन हजारच्या दशकातली मधली वर्षं असतील. ऐन थंडीत एका सकाळी दादा दाढी करता करता बेसिनपाशी कोसळला. मेंदूत रक्ताची गाठ झाली होती. डावी बाजू लुळी पडली. तीन-चार महिन्यांत डावा हात थोडाफार परतला, वाकडं झालेलं तोंड सरळ झालं, पण गुडघ्याखालचा डावा पाय काही परतला नाही. तो पाय म्हणजे बरोबर ओढत न्यायचं सामान होऊन बसला. काठी घेऊन दादा घरातल्या घरात फिरायचा, कॉलनीतल्या पार्कपर्यंत जायचा आणि तिथल्या बाकावर बसून धापा टाकायचा. तेव्हा तो पन्नाशीलाही पोचला नव्हता.

त्याची झाडं शहराबाहेर संस्थेच्या शेतावर होती. तिकडे ज्याला ऊसर म्हणतात तशी जमीन. उन्हाळ्यात वर पांढरं खारट पीठ येतं, पावसाळ्यात पाणी मुरत नाही, गवताची काडीसुद्धा विचार करून उगवते. अशा जमिनीवर झाडं जगवायची हे दादाचं काम. नोकरीला लागल्यावर पहिल्या दोन-तीन वर्षांत लावलेले अर्जुन, करंज, बाभळी आता दोन पुरुष उंच झाले होते. ही रांगांची रांग शेताच्या पार दुसऱ्या टोकाला होती. दर वर्षी चैत्रात, ऊन तापायच्या आधी, प्रत्येक झाडाच्या बुंध्याचा घेर मोजायचा, साल बघायची, मेलेली झाडं वेगळी नोंदायची. आजारपणाच्या वर्षापर्यंत हे मोजमाप त्याने एकदाही चुकवलं नव्हतं. मुलीच्या बारशाच्या दिवशीही तो दुपारपर्यंत तिथेच होता, हे वहिनींनी मला निदान दहादा सांगितलं असेल.

आजारपणानंतर तो कामावर रुजू झाला तेव्हा शेताच्या प्रमुखाने त्याला बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "देखिए, हेड ऑफिस में आपके लिए टेबल है, पंखे के नीचे बैठिए. लेकिन प्लॉट रखना है तो अगले अप्रैल का मेज़रमेंट आपको खुद करना होगा. नहीं कर पाए तो मुझे किसी और को देना पड़ेगा. मैं भी मजबूर हूँ." म्हणजे एका बाजूला शहरात, गंजमधल्या हेड ऑफिसातलं टेबल, आणि दुसऱ्या बाजूला जन्मभर वाढवलेली झाडं. ती ठेवायची तर वर्षभरात आपल्या पायांनी तिथवर पोचून दाखवायचं होतं, आणि त्यातला एक पाय निकामी. दादाने विचार करायला एक दिवससुद्धा मागितला नाही. मी करीन, म्हणाला.

कसं करणार, हे मीच विचारलं. त्याच्या झाडांकडे जाणारी वाट एका नाल्यावरच्या अरुंद पुलावरून होती, जीप त्या पुलावर मावत नसे. नाल्याच्या पात्रात उतरून जाणाऱ्या मोठ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून जा म्हटलं तर म्हणाला, ट्रॉलीतून खत नेतात. कुणाच्या मोटरसायकलवर मागे बसून एकदा गेला, तर पुलावरच तोल जाऊन पडला आणि कोपर फोडून घेतलं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तशातली गत. मी म्हटलं, मग काय उडत जाणार आहेस का. त्यावर तो नुसता हसला, आणि पुढच्या रविवारी मला शेतावर घेऊन गेला.

शेडच्या कोपऱ्यात, फाटक्या ताडपत्रीखाली एक छोटा ट्रॅक्टर पडला होता. बागेतलं गवत कापायला आणि हातगाडीएवढी ट्रॉली ओढायला परदेशात असले ट्रॅक्टर वापरतात. कुठल्याशा जुन्या प्रकल्पाबरोबर तो आला होता. ड्रायव्हर लोक त्याला हात लावत नसत, कारण त्याला गिअरही नव्हते आणि क्लचही नव्हता. "इसमें तो कुछ है ही नहीं साहब," असं मोठ्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर म्हणाला होता म्हणे. गिअरच्या जागी तेल असतं. इंजिन एक पंप फिरवतं, पंप तेलावर दाब आणतो, आणि त्या दाबाने मागची चाकं फिरतात. उजव्या पायाशी पेडल. पुढे दाबलं की पुढे, मागे दाबलं की मागे, पाय उचलला की जागच्या जागी उभा. डाव्या पायाला काही म्हणजे काही काम नाही.

मी शेतकी यंत्रांचा माणूस नव्हे, पण हे बघितल्यावर मी वाकून ते पेडल हाताने दोनदा दाबून बघितलं. लखनौत आम्ही आल्यापासून हा ट्रॅक्टर तिथे पडून होता आणि या माणसाचा नेमका डावा पायच गेला. आम्ही कार्बुरेटर साफ केला, बॅटरी बदलली, जुनं पेट्रोल काढलं. धूर ओकत इंजिन सुरू झालं. दादा काठी टाकून सीटवर चढला, चढताना त्याने डावा पाय हाताने उचलून आत ठेवला, आणि पेडल दाबलं. ट्रॅक्टर शेडमधून बाहेर गेला, नाल्याच्या पुलावरून गेला, आणि झाडांमध्ये दिसेनासा झाला. तासाभराने परत आला तेव्हा शर्ट घामाने भिजला होता आणि तोंडभर धूळ होती. इतका आनंदी तो मला लग्नातही दिसला नव्हता.

हे सुख चार महिने टिकलं. पावसाळा संपत आला तसं ट्रॅक्टर उभा राहील तिथे तेलाचं डबकं दिसायला लागलं. सुरुवातीला रुपयाएवढं, मग ताटलीएवढं. तेल कमी झालं की ट्रॅक्टर रडल्यासारखा आवाज करायचा आणि चढावर दम सोडायचा. दुपारी गरम झाला तर चालायलाच नको म्हणायचा, कारण तापलं की तेल पातळ होतं आणि पातळ तेल फटीफटीतून निसटतं, दाब धरत नाही. दादा सीटखाली तेलाचा डबा ठेवून फिरायचा आणि दर खेपेला वरून ओतायचा. जिथे जिथे गळायचं तिथलं गवत जळून जायचं. आधीच त्या जमिनीवर गवत म्हणजे नवसाने मिळालेलं. तेव्हा त्याने मला हाक मारली.

गळती शोधणं हे गळती बुजवण्यापेक्षा अवघड असतं. मागचा सगळा भाग तेल आणि धुळीने इतका बरबटला होता की कुठून येतंय हेच दिसेना. रॉकेलने धुतला, वाळवला, आणि मग वहिनींचा अंगाला लावायचा पावडरचा डबा त्याच्यावर रिकामा केला. पांढऱ्या पावडरवर तेल पहिल्यांदा जिथे उमटेल ती जागा. घरातला डबा गेला म्हणून वहिनी रागावल्या. पुतणी तेव्हा कॉलेजात शिकत होती, ती हे ऐकून खिदळत म्हणाली, "काका, अब इसको बिंदी भी लगा दो." ती आमचं मराठी सगळं समजायची, उत्तर मात्र हिंदीतच द्यायची.

ट्रॅक्टर सुरू करून बसलो. थोड्या वेळाने दोन ठिकाणी काळ्या रेघा उतरल्या. एक डाव्या चाकाच्या आसापाशी, आणि दुसरी वर, जिथे इंजिनाचा पट्टा पंपाच्या दांड्याला फिरवतो तिथे. दोन्ही ठिकाणी ऑइल सील गेलं होतं; सील म्हणजे दांड्याभोवतीची रबराची कडी, दांड्याला फिरू देते आणि तेलाला अडवते. हे दोन्ही दांडे इंचांच्या मापाचे, आणि आपल्याकडची सीलं मिलिमीटरची. लाटूश रोडवर दुकानं पालथी घालून अखेर जवळच्या मापाची सीलं मिळाली. जुन्या सीलने दांड्यावर खाच पाडली होती, त्यामुळे नवं सील त्याच खाचेवर बसवलं असतं तर महिन्यात परत गळलं असतं. म्हणून मी ते जरा आत ठोकून बसवलं, न झिजलेल्या पोलादावर. रेल्वेत आम्ही हेच करतो.

दोन रविवार हे काम चाललं. दादा शेडमध्ये वेताच्या मोढ्यावर बसून मला सल्ले देत होता. झाडावर चढवलेला वेल कसा बांधावा हे ज्ञान असलेला माणूस मला पुली कशी काढावी हे सांगत होता. मी पाना फेकून देण्याच्या बेतात होतो, पण त्याच्या नजरेतली भीती मला दिसत होती. पुली निघताना तडकली तर नवी मिळणार नव्हती, हे त्यालाही माहीत होतं. शेवटी मागची चाकं विटांवर उचलून, नवं तेल भरून, पेडल हळूहळू पुढेमागे करत आतली हवा काढली. हवा राहिली तर पंप स्वतःलाच खातो. रात्रभर ट्रॅक्टरखाली पुठ्ठा ठेवला. सकाळी पुठ्ठा कोरा होता, तेव्हा दादाने तो उचलून मला दाखवला.

दसऱ्याला मी लखनौत नव्हतो. गोंड्याच्या बाजूला मालगाडीचं इंजिन बंद पडलं होतं, तिकडे ड्यूटी लागली. त्यामुळे जे झालं ते मला जानेवारीपर्यंत कळलं नाही.

जानेवारीत धुक्याचे दिवस. दादाचा फोन आला, परत गळतंय, पण या वेळी तेल पांढरं आहे. मी म्हटलं, पांढरं म्हणजे? तो म्हणाला, ताकासारखं. मी तोंड न धुता तसाच बसने गेलो. खालचा नट काढला तर खरोखर ताकच बाहेर आलं. तेलात पाणी घुसलं की ते फेसाळून असं होतं. पण पाणी घुसलं कुठून, हे मला उमगेना. पाऊस नव्हता, शेडचं छप्पर धड होतं. दादाला विचारलं, कधी पाण्यात उभा केला होतास का?

"पाण्यात कशाला उभा करीन? खंडेनवमीला धुतला तेवढाच."

मग त्याने सगळं सांगितलं, आणि अभिमानाने सांगितलं. संस्थेतल्या लोकांनी विश्वकर्म्याची पूजा सप्टेंबरातच केली होती; मोठ्या ट्रॅक्टरला, पंपांना, लेथला सगळ्यांना हार घातले होते. पण ती त्यांची पूजा. मिरजेला आमच्या घरी खंडेनवमीला सगळी हत्यारं, शिवणयंत्र, सायकली धुऊन पुसून मांडत, हळदीकुंकू वाहत, आणि त्या दिवशी आणि दसऱ्याला त्यांना विश्रांती देत. परमुलखात राहून दादाने हे कधी सोडलं नाही. तेव्हा त्या दिवशी सकाळी तो झाडांकडे चक्कर मारून आला, आणि आल्या आल्या ट्रॅक्टर ट्यूबवेलच्या धारेखाली लावला. गार पाण्याने मनसोक्त धुतला. मग हळदीकुंकू, झेंडूचा हार, आणि नियमाप्रमाणे दोन दिवस हात लावला नाही.

मला ऐकतानाच सगळं कळलं. तापलेल्या डब्यावर एकदम गार पाणी पडलं की आतली हवा आकसते आणि बाहेरचं जे असेल ते आत ओढते. तेल भरायच्या टोपणाला हवेसाठी बारीक भोक असतं. त्या भोकातून त्याने पाणी आत पाजलं होतं. वर दोन दिवस विश्रांती, म्हणजे ते पाणी तळाशी जाऊन बसलं, आणि मग तीन महिने गंज चढत राहिला. गंजलेल्या दांड्याने नवी सीलं फाडून काढली. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"तुला धुवायला सांगितलं कुणी?" मी ओरडलो.

"खंडेनवमीला हत्यारं धुवायची नाहीत तर काय लोणच्यात घालायची?"

मग मी त्याला समजावून सांगितलं, वर सांगितलं तसंच. तो ऐकत होता. शास्त्रज्ञ माणूस, त्याला दोन वाक्यांत कळलं. त्याने काठीच्या टोकाने ते ताक ढवळलं.

"म्हणजे मीच घालवला," तो म्हणाला.

"हो. तूच."

मी दुसरं काय म्हणणार होतो? खोटा धीर देणं मला जमत नाही. मला त्याचा भयंकर राग आला होता, आणि खरं सांगायचं तर तो राग अजून गेलेला नाही. परमुलखात आपण आपलं काय काय धरून ठेवतो आणि त्याचं मोल कुठे भरतो, हे त्या माणसाला कधी कळलं नाही, असं मला वाटायचं. आता वाटतं, कळलं असतं तरी त्याने धुतलाच असता.

पंप खोलला. आत एक चकती असते, आरशासारखी गुळगुळीत. पिस्टन तिला टेकून फिरतात आणि सगळा दाब तिच्या गुळगुळीतपणावर उभा असतो. तिच्यावर गंजाचे डाग होते, बोट फिरवलं तर लागत होते. नवी चकती मिळण्याचा प्रश्नच नव्हता. मी जाड काचेवर घासायची पेस्ट पसरून ती चकती घासली. हात भरून येईस्तोवर घासली. बरेचसे डाग गेले, पण खोल खड्डे राहिले. ते घालवायचे तर चकतीच संपली असती. पुन्हा सीलं, पुन्हा तेल, पुन्हा हवा काढणं. ट्रॅक्टर चालला, पण मला त्याचा आवाज आवडला नाही.

मार्चमधल्या एका रविवारी मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो तेव्हा वहिनी पोळ्या लाटत होत्या. मागे न बघता म्हणाल्या, "भावोजी, तो ट्रॅक्टर दुरुस्त नाही झाला तर चालणार नाही का?"

मला आधी कळलं नाही. मग कळलं.

"हे त्या टोकाला एकटे असतात. हाक मारली तरी ऐकायला माणूस नाही. दुपारी फोन वाजला की हातातलं काम तिथेच राहतं. टेबल देतायत ना ते? पंख्याखाली बसावं, संध्याकाळी घरी यावं. माणसाला अजून काय पाहिजे? तुम्ही नाही म्हणालात तर ते ऐकतील. माझं नाही ऐकत."

"वहिनी, मी मुद्दाम बिघडवला तर त्याला कळेल."

"बिघडवा कुठे म्हणतेय मी," त्या म्हणाल्या. "सुधारू नका एवढंच."

 त्यांचं चूक नव्हतं, आणि मला त्यांचं ऐकायचंही नव्हतं. पाणी पिऊन मी बाहेर आलो. त्यानंतर त्यांनी तो विषय माझ्यापाशी काढला नाही, पण शेतावर नेण्यासाठी माझा डबा भरून द्यायच्या त्यात त्या महिन्यात कधी लोणचं नसायचं.

एप्रिलचा पहिला रविवार ठरला. मी दादाला सरळ सांगितलं होतं, तेल थंड आहे तोवर हा चालेल, तापला की बसेल. म्हणून उजाडता निघायचं, निम्म्या रांगा मोजायच्या, मग ट्रॅक्टर झाडाखाली लावून दुपारभर गार होऊ द्यायचा, आणि ऊन उतरल्यावर राहिलेलं करायचं. तो हो म्हणाला. त्याच्या हो म्हणण्यावर मी विश्वास ठेवला नव्हता.

सकाळ छान होती. दादा पुढे ट्रॅक्टरवर, मी आणि फीत धरणारा मजूर मागून पायी. प्रत्येक रांगेच्या तोंडाशी तो ट्रॅक्टर थांबवायचा, काठी घेऊन उतरायचा, झाडापाशी जायचा, मजूर बुंध्याभोवती फीत गुंडाळायचा, दादा वाकून आकडा वाचायचा आणि लिहायचा. मी म्हटलं, तू सीटवर बस, आकडा तो सांगेल. दादा म्हणाला, "त्याला वाचता येतं. मला बघायचंय." प्रत्येक खोडाला तो हात लावत होता. एका अर्जुनाची साल उकललेली होती, तिथे तो बराच वेळ उभा राहिला.

निम्म्या रांगा झाल्या. मी म्हटलं, आता थांब. तो म्हणाला, अजून दोन. दोन झाल्यावर म्हणाला, अजून दोन. ऊन चढलं होतं, जमीन पांढरी होऊन डोळ्यांत घुसत होती. पंपाचा सूर बदलला. मी ओरडलो, "दादा, बस कर, बसेल तो." त्याने ऐकलं नाही. त्याला संध्याकाळचा भरवसा नव्हता. स्वतःच्या अंगाचाही नसेल. शेवटच्या रांगांच्या तोंडाशी ट्रॅक्टर हळू झाला, कण्हला आणि थांबला. इंजिन चालू होतं. दादा पेडल दाबत होता, पुरतं खालपर्यंत, आणि चाकं हलत नव्हती. डाव्या आसातून तेल धारेने जमिनीवर पडत होतं. खाली वाकून बघितल्यावर मला समजलं की दुपारभर गार केला तरी आता तो चालणार नाही. पंपात तुकडे खडखडत होते, चकती फुटली होती.

राहिलेल्या रांगा सगळ्यात जुन्या, सगळ्यात वाईट जमिनीवरच्या. दादा काठी घेऊन निघाला. पहिलं झाड झालं, दुसरं झालं. तिसऱ्याकडे जाताना त्याचा डावा पाय ढेकळात अडकला आणि तो आडवा झाला. मी त्याला उचलून बसवलं. तळहात सोलून निघाले होते. त्याने पुन्हा उठायचा प्रयत्न केला, आणि ते जमलं नाही.

"तू इथे सावलीत बस," मी म्हटलं. "मी आणि हा मोजून येतो. आकडे मी लिहितो, तू उतरवून घे. कुणाला कळणार आहे?"

त्याने हात पुढे केला. मला वाटलं वही देतोय. पडताना सुटलेला त्याचा पेन मी उचलून धरला होता, तो त्याने माझ्या हातातून काढून घेतला आणि खिशात ठेवला.

"राहू दे," तो म्हणाला.

"अरे, दोन तासांचं काम आहे. झाडं तुझीच राहतील."

"मी खुद करणार असं बोललो होतो."

मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. हरिश्चंद्राचा अवतार म्हटलं, गाढव म्हटलं, जन्मभराचं काम एका शब्दावर घालवतोयस म्हटलं. मजुराला मराठी येत नव्हतं तरी तो लांब जाऊन उभा राहिला. दादा तळहातातले खडे काढत होता. मग त्याने मोबाइल काढला आणि माझ्यासमोर प्रमुखाला फोन लावला. "सर, पूरा नहीं हो पाया," एवढंच म्हणाला. पलीकडून काहीतरी बोलणं झालं. "नहीं, नहीं. आप किसी को दे दीजिए," दादा म्हणाला.

मोठा ट्रॅक्टर आला. ड्रायव्हर म्हणाला, साहब आप इधर बैठ जाइए मेरे साथ. दादा नाही म्हणाला. मागची कळ ओढून मी चाकं मोकळी केली, दोर बांधला, आणि तो आपल्याच सीटवर बसून स्टिअरिंग धरून ओढला जात परत आला. घरी वहिनींनी दार उघडलं, त्याचे तळहात बघितले, आणि गरम पाणी ठेवलं. रात्री मी निघताना त्या जिन्यापाशी रडत होत्या. सुटका झाल्याचं ते रडणं होतं का, हे मी विचारलं नाही. त्यांनाही सांगता आलं नसतं.

दादाने पुढची बरीच वर्षं गंजमधल्या ऑफिसात पंख्याखाली काढली. लोकांचे प्रबंध तपासायचा, इंग्रजी सुधारायचा. ट्रॅक्टर भंगारात गेला. पहिल्याच पावसाळ्यानंतर मी एक जुनी मारुती घेतली, आणि नाल्यावर नवा रुंद पूलही झाला होता. मी दादाला म्हटलं, चल, रविवारी झाडं बघून येऊ. थेट रांगेपर्यंत गाडी जाते आता. चालायचं कामच नाही.

तो पेपर वाचत होता. त्याने पान उलटलं.

"नेतात ते पाहुण्याला," तो म्हणाला. "मी तिथे जायचो."

दर वर्षी चैत्रात मी त्याला विचारत राहिलो. तो हयात होता तोवर विचारलं. त्याने ती झाडं पुन्हा बघितली नाहीत.